तिसावी ओळ

रविवार मला कधीच आवडला नाही. शाळेत मास्तर होतो तेव्हा आवडायचा नाही, कारण पाठोपाठ सोमवार यायचा. निवृत्त झाल्यावर आवडेना, कारण सोमवार आला काय नि न आला काय, सारखंच. बायको गेल्यावर तर रविवार अंगावरच यायला लागला. मुलगी नाशिकला असते. ती रविवारी सकाळी दहाला फोन करते आणि "जेवलात का?" विचारते. दहा वाजता कोण जेवतं? पण मी "हो" म्हणतो. पाच मिनिटांत फोन संपतो आणि उरलेला दिवस रोह्याच्या माझ्या दोन खोल्यांत तसाच पडून राहतो.

मला मित्र एकच. तोही माझ्यासारखाच गणिताचा मास्तर, पेणचा. दहावीचे पेपर तपासायला आम्ही एका केंद्रावर शेजारी शेजारी बसायचो, तिथली ओळख. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला मास्तर म्हणायचो. निवृत्तीनंतर तो घरच्या पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायचा. माझ्या बायकोचं तेरावं झालं त्या दिवशी सगळे निघून गेले, हा एकटा मागे थांबला. म्हणाला, "रविवार तुला खायला उठणार बघ. त्याच्या आधी आपण त्याला कामाला लावू."

आणि त्यानं माझ्यापुढे एक संख्या ठेवली. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. म्हणजे एकतीस वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि शेवटी एक काढून घ्यायचा. येतात दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीही पुरा भाग देऊ शकत नाही.

हे काही आम्ही शोधून काढणार नव्हतो. अडीचशे वर्षांपूर्वीच एकानं ते सिद्ध करून ठेवलंय, आणि आज मोबाइल ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. "मग तुम्ही कशाला करताय?" असं मुलीनं विचारलं. मी म्हटलं, तू घरी पापड लाटतेस ते दुकानात मिळत नाहीत म्हणून का? आम्हाला ते आमच्या हातांनी करून बघायचं होतं, कागदावर, पेनानं.

सरळ मार्गानं जायचं तर शेहेचाळीस हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघावं लागतं. साडेचार हजारांवर भागाकार झाले. दोन म्हातारे मरून जातील मध्येच. पण दोनाचा घात वजा एक, या जातीच्या संख्यांसाठी एक वेगळी कसोटी आहे आणि ती करायला पाचवीचं गणित पुरतं. चार घ्या. त्याचा वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या मोठ्या संख्येनं भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. घात एकतिसावा, तर दोन कमी म्हणजे एकोणतीस वेळा हे करायचं. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर नाही. मधल्या बाक्या वाटेल तशा येतात, त्यांना ना शेंडा ना बुडखा, आणि शेवटच्या खेपेला सगळं एकदम नाहीसं होतं. असं का होतं याची सिद्धता मला येते, तरी प्रत्येक वेळी नवल वाटतं.

दसरा झाला आणि आम्ही सुरुवात केली. लांब वही आणली. समासात एक ते एकोणतीस आकडे मी आधीच घालून ठेवले, कारण माझं अक्षर चांगलं.

इथं एक सांगायला हवं. माझे बाबा पेणच्या खाडीकडे मिठागरावर होते. मिठाच्या पाट्या मोजताना आमच्यात 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. बाबा पाटी भरून उचलली की लाभ म्हणायचे. मला भारी घाई, मी नुसता पाटीला हात लावला की लाभ म्हणून मोकळा व्हायचो. "आरं, उचल तं आदी!" म्हणून ओरडायचे. पुढे मी गणित शिकलो, शिकवलं, पण मनातल्या मनात मोजताना आजही माझ्या तोंडात लाभच येतो. तर वहीत पहिल्या आकड्यापुढे मी चार लिहिले आणि सवयीनं म्हटलं, लाभ. त्याच्याखाली चौदा. मग एकशे चौऱ्याण्णव. मग सदतीस हजार सहाशे चौतीस. चार ओळी एका बैठकीत झाल्या.

पाचव्या ओळीपासून आकडे दहा अंकी झाले. दहा अंकांचा वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातो, आणि मग त्याचा दहा अंकांनी भागाकार. एका ओळीला अख्खी दुपार जायची. आम्ही पाळी लावली. एका रविवारी मी पेणला जायचो आणि त्याची ओळ व्हायची, पुढच्या रविवारी तो रोह्याला यायचा आणि माझी ओळ व्हायची. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं अंकांच्या बेरजा जुळवून नवाचा ताळा घ्यायचा. पेणला वहिनी वालाचं बिरडं करायच्या. रोह्याला मी खिचडी लावायचो. तो येताना पोह्यांचे पापड आणायचा आणि स्वतःच भाजायचा, कारण मी जाळतो म्हणे. मी खरंच जाळतो. त्या सहा महिन्यांत मी रविवारची वाट बघायला लागलो होतो, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

तो आकडेमोडीत माझ्यापेक्षा सरस होता. तीन अंकी संख्येचा वर्ग तोंडी करायचा. पण त्या हिवाळ्यात त्याचं अक्षर बिघडत चाललं होतं. त्याचा एक आणि नऊ सारखाच दिसायचा. ओळ लिहिताना नाक वहीला लागेल इतका वाकायचा. "चष्मा बदल," मी म्हणायचो. "बदलीन रे," तो म्हणायचा.

चैत्रात शेवटची ओळ आली. एकोणतिसावी. पाळी त्याची, म्हणून मी पेणला गेलो. सुट्टीतल्या शिकवणीची सात-आठ पोरं पुढच्या खोलीत बाकांवर बसली होती. वहीची गोष्ट त्यांना ठाऊक होती. आज शून्य येणार म्हणून त्यानं त्यांनाही थांबवून ठेवलं होतं. वहिनींनी शिरा केला होता. तो अडीच तास वाकून मांडत होता. शेवटी मान वर केली आणि वही माझ्याकडे सरकवली. बाकी आली होती पासष्ट हजार पाचशे छत्तीस.

शून्य नाही. संख्या तर मूळ आहेच, त्यात वाद नाही. म्हणजे कुठंतरी कुणीतरी चुकलं होतं.

पोरांत कुजबुज झाली. माझं डोकंच फिरलं. सहा महिने! मी म्हटलं, "माझ्या बारा ओळी मी घरी दोन-दोनदा तपासल्यात."

"मग माझ्या तपास," तो म्हणाला.

"तुझ्या काय तपासायच्या? तुला एक आणि नऊ तरी दिसतो का? ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही हे तुला माहीत आहे. डोळे गेलेत तुझे, मास्तर, आणि डोकंही चाललंय. या पोरांना कसला शिकवतोस तू?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पोरं खाली मान घालून बसली. दुसरा कुणी असता तर मला बाहेर काढता. तो नुसता पेनाचं टोपण शोधत राहिला, ते त्याच्या समोरच पडलेलं होतं. मी वही उचलली, शिऱ्याला हात न लावता निघालो आणि मिळाली ती एसटी धरली.

तो गप्प बसला म्हणजे त्यानं चूक कबूल केली, असं मी धरलं. पुढच्या रविवारी पाळी माझ्याकडे यायची होती. तो आला नाही. मीही गेलो नाही. माफी मागायची तर त्यानं मागावी. एक महिना, दोन महिने, मग एक वर्ष. आपणच फोन करावा असं कधी वाटलं की मला ती वही आठवायची आणि पुन्हा राग यायचा. अशी सहा वर्षं गेली. सहा वर्षं मी रविवारी कुणाशी बोललो नाही, मुलीचा तो पाच मिनिटांचा फोन सोडला तर. माणसानं किती एकटं राहावं याला काही मर्यादा नाही, हे मला त्या वर्षांत कळलं. भाजीवाल्याशी मी मुद्दाम वाद घालायचो, चार वाक्यं जास्त व्हावीत म्हणून.

या वर्षी माघात उजवा खांदा आखडला. शर्ट घालता येईना. डॉक्टरांनी व्यायामाला एका मुलीकडे पाठवलं, बाजाराजवळ तिची छोटी खोली आहे. भिंतीला बोटं लावायची आणि ती कोळ्यासारखी वर वर चढवत न्यायची, दहा वेळा. मी पुटपुटत मोजत होतो, ती शेजारी उभी होती. दहा झाले. मी हात खाली घेतला.

"काका, नऊच झाले."

"अगं, दहा मोजले मी. गणिताचा मास्तर आहे."

ती हसायला लागली. "मास्तर आहात, पण भिंतीला नुसतं बोट लावता आणि तेव्हाच पहिला मोजता. काय ते लाभ का काय म्हणता? हात एकदा वर जाऊ दे, मग म्हणा एक!"

मीही हसलो. दहावा केला, पैसे दिले, बाहेर पडलो. नदीकडच्या रस्त्यानं घरी चाललो होतो, आणि मध्येच पाय थांबले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, मरायचंय का?"

चार ही ओळ नव्हतीच. चार म्हणजे भिंतीला लावलेलं बोट. चारावर अजून काहीच केलेलं नव्हतं. एकोणतीस वेळा करायचं होतं ते चाराच्या पुढे, आणि मी चारालाच लाभ म्हणून बसलो. समासात एकोणतीस आकडे घातले, तिथंच एक खेप कमी पडली. आम्ही अठ्ठावीस वेळाच केलं होतं. कर्म माझं!

शेवटची ओळ रस्त्यातच झाली, तिला कागदाचीही गरज नव्हती. पासष्ट हजार पाचशे छत्तीस म्हणजे दोनाचा सोळावा घात. त्याचा वर्ग म्हणजे बत्तिसावा घात. त्यातून दोन वजा केले की आमच्या संख्येची नेमकी दुप्पट. बाकी शून्य. काखेत कळसा नि गावाला वळसा. इतका नीटनेटका आकडा समोर आला होता, कोणीही शहाणा मास्तर थबकला असता. मला त्यात फक्त त्याची चूक दिसली, कारण मला ती बघायची होती.

आणि दुसरं. शेवटी शून्य आलं म्हणजे वरच्या सगळ्या ओळी बरोबर. मध्ये एक अंक जरी इकडचा तिकडे झाला असता तर पुढचं सगळं भरकटलं असतं. शून्य असं चुकून हाती लागत नाही. म्हणजे त्याच्या तेराच्या तेरा ओळी बिनचूक होत्या. त्या तसल्या डोळ्यांनी.

घरी जाऊन वही काढली. एकोणतीसच्या खाली तीस लिहिलं आणि पुढे शून्य मांडलं. मग फोन उचलला, नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर काय सांगणार? सहा वर्षांपूर्वी तुला पोरांसमोर ज्या चुकीवरून बोललो, ती चूक माझीच होती, बाकी कसं काय? मला त्याची भीती वाटत होती, हे खरं. तो दार लावून घेईल याची नाही. त्यानं दार लावलं तर मग मला या जगात जायला एकही घर उरणार नव्हतं, त्याची.

रविवारी गाडीत बसलो. मांडीवर वही. नागोठण्याला डबा जवळजवळ रिकामा झाला. कासूला गाडी उभी राहिली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं. उठलोसुद्धा. तेवढ्यात गाडी सुटली आणि मी पुन्हा बसलो.

दार वहिनींनी उघडलं. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग म्हणाल्या, "आता आठवन झाली व्हय?" आणि बाजूला झाल्या. "हायत ना घरी. जानार कुठं? दिसत नाय त्यांना आता."

पुढच्या खोलीत बाक नव्हते. जमिनीपासून छतापर्यंत न रंगवलेले गणपती लावून ठेवले होते. खोली शेजारच्या कारखान्याला भाड्यानं दिली होती. डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला त्यांचा मुलगा आत झोपला होता, म्हणून आम्ही हळू बोलत मागच्या पडवीत गेलो. मास्तर खुर्चीत बसला होता, मान थोडी तिरकी करून.

"कोण?"

"मी. रोह्याचा."

त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मी उभाच होतो. मग म्हणाला, "बस ना, मास्तर." मी त्याच्या शेजारी बसलो.

"डोळ्यांचं काय झालं?"

"काचबिंदू. उजवा तेव्हाच गेला होता, मला कळला नव्हता. तू बोललास तेव्हा कळला. दुसऱ्या आठवड्यात दाखवून आलो." तो शांतपणे सांगत होता. "तुझं बरोबरच होतं रे. नऊचा एक वाचला असणार मी. कुठल्या ओळीत ते मात्र सापडलं नाही. वही तुझ्याकडे. आठवतील तेवढे आकडे हिला लिहायला सांगितले, पण नाही जमलं."

मी विचारलं, "मास्तर, पासष्ट हजार पाचशे छत्तीसचा वर्ग किती?"

"नको रे आता असलं काही विचारूस. सोडलंय मी ते."

"एकदाच. पाया पडतो तुझ्या."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. "चारशे एकोणतीस कोटी," तो सावकाश म्हणाला, "एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव."

"दोन वजा कर."

"दोनशे चौऱ्याण्णव."

"आता आपल्या संख्येनं भाग."

त्याचं बोट गुडघ्यावर फिरत राहिलं. मग ते थांबलं. "दुप्पट आहे," तो म्हणाला. "बाकी शून्य."

"ती खरी शेवटची ओळ. मी चारालाच एक धरलं होतं, म्हणून एक ओळ कमी पडली. चूक माझी. आकडेमोडीची नाही, मोजण्याची. तुझी एकही ओळ चुकलेली नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मला वाटलं, आता तो चिडेल. चिडावं, चार शिव्या द्याव्यात, वही तोंडावर फेकावी, मग मी पाय धरीन आणि आमचे रविवार पुन्हा सुरू होतील. वहिनी दारात चहा घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यानं त्यांच्या दिशेनं मान वळवली.

"ऐकलंस काय गो? माझं बरोबर होतं."

वहिनींनी कप खाली ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. तो परत माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, तो कसलासा हिशेब लावत होता.

"डोळ्यांचं काय," तो म्हणाला, "तोंडी शिकवता आलं असतं मला. पोरांनी फळ्यावर लिहायचं, मी सांगायचं. पोरं तयार होती, रोज येऊन विचारायची. पण म्हटलं, आपलं डोकंच चुकायला लागलंय, दहावीची पोरं आहेत, आपल्या हातून चुकीचं शिकवलं जाईल. म्हणून सगळ्यांना परत पाठवलं मी."